रोज अर्धा तास

भिकीच्या कपाळाला नूतन सिस्टर चौथा टाका घालत होत्या, तेवढ्यात तिचा नवरा रक्ताळलेलं लाकूड घेऊन दवाखान्याच्या दारात आला. "झाई गावच्या रस्त्यानं हिंडायला हिला कोणी शिकवलं? कोणाला भेटते ही?" सिस्टरांची सुई थांबली. बीपी वाढलंय म्हणून भिकीला आठ तास झोप आणि रोज अर्धा तास चाल, असं त्यांनीच बजावलं होतं. "दिवसभर वाडीत चिकूच काढते, बाई," ती म्हणाली, तेव्हा त्या हसल्या होत्या. घरचं काही विचारलंच नव्हतं. "मी सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. त्यानं लाकूड त्यांच्यावर उगारलं. भिकी उठली. सुई कपाळाला लोंबत असतानाच तिनं ते हिसकावलं आणि त्याच्या गुडघ्यावर असं हाणलं, की हाड मोडलं. "आता तू चाल अर्धा तास," म्हणाली आणि उरलेल्या टाक्यांसाठी कपाळ पुढे करून बसली.