सेनापतीची पोरगी

परग्रहवाल्यांच्या त्या पिक्चरचे पाच भाग आबांनी जामखेडहून नगरला जाऊन पाहिले होते. सहावा गुडघेदुखीपायी हुकला. म्हणून त्यांची लेक यशोधरा तो एकटीच पाहून आली आणि आबांच्या हातात चहाची बशी देऊन ओट्यावर गोष्ट सांगायला बसली.

खरं तर शेवटानं पिक्चरची पार माती केली होती. सेनापतीच्या मुलीचं परग्रहावरच्या पोरावर मन बसतं आणि सेनापती त्या पोराचं यानच उडवून देतो. पण यशोधरानं सांगितलं ते वेगळंच. "यान अंगणात उतरतं, आबा. पोरगा खाली येऊन सेनापतीच्या पाया पडतो. सेनापती त्याला कुठल्या ग्रहाचा असं विचारतच नाही. जेवलास का, विचारतो."

"लई मोठ्या मनाचा गडी हाय," आबा फुर्रकन चहा ओढत म्हणाले.

तिला एवढंच हवं होतं. "आबा, माझ्या कंपनीतला डॅनी आलाय, आईला घेऊन. कोपऱ्यावर उभे आहेत. कोल्हारचा आहे. आपल्यातला नाही, चर्चला जाणारा."

आबांनी बशी खाली ठेवली. "त्यो पिक्चर मी कालच बघितला, मोबाईलवर. सेनापती यान उडवतो त्यात."

यशोधरानं कोपऱ्याकडे पाहिलं.

"म्हनून तर पडला पिक्चर," गुडघ्यावर हात टेकून उठत आबा म्हणाले. "जा, जेवलेत का इचार त्यास्नी."