भरदुपारची सुनावणी

कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत बाकावर बसून निर्मला बागूल हिरवी मिरची चावत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण मेली झोप काही हटेना.

शिफ्टमध्ये कुणी पेंगू नये म्हणून कारखान्याने नोकरी देतानाच प्रत्येकाच्या मानेत झोपेचं यंत्र बसवलं होतं; ते शिफ्टभर जागं ठेवायचं आणि शिफ्ट संपली की झोपवायचं. आता मालकाला दिवसाची शिफ्ट कायमची रात्रीची करायची होती. कामगाराने कामगार अधिकारी साहेबांसमोर तोंडाने हरकत घेतली तर तसं करता येत नाही, असा कायदा होता. पण निकाल लागेपर्यंत ‘चाचणी’ म्हणून मालकाने सगळ्यांची यंत्रं रात्रपाळीवर लावून टाकली. तेव्हापासून लेक शाळेतून यायची, झोपलेल्या आईवर पांघरूण घालायची आणि एकटीच जेवायची.

“मी पेंगले तर चिमटा काढ गं,” निर्मला शेजारच्या शबानाला म्हणाली.

“तूपण काढ.”

सोबत नवऱ्याला आणायला हवं होतं, हे निर्मलाला आत्ता सुचलं. शबानाही त्याच शिफ्टची. तिचं डोकं केव्हाच निर्मलाच्या खांद्यावर कलंडलं होतं.

“बागूल बाई, तुमची काही हरकत?” साहेबांनी विचारलं.

निर्मलाला ऐकू आलं. आहे साहेब, आहे, असं ती जिवाच्या आकांताने म्हणत होती; पण जीभ हलेना, मिटलेले डोळे उघडेनात.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “लिहा, हरकत नाही.”

“पंखा जरा वाढवा,” कारखान्याचा मॅनेजर शिपायाला हळूच म्हणाला. “झोपू दे बिचाऱ्यांना. रात्री कामावर यायचंय.”