चामड्याची सीट

घड्याळवाल्या काकांनी सायकलच्या दुकानातल्या सगळ्या सीटा अंगठ्याने दाबून दाबून पाहिल्या आणि अखेर एक चामड्याची पसंत केली. दुकानदार म्हणाला, "काका, सुरुवातीला टणक लागेल. पण चालवत राहा. रोज जो बसेल त्याचा आकार घेते ती."

पहिल्याच आठवड्यात काकांना दगड परवडला असं वाटायला लागलं. घरी आले की ते खुर्चीतही तिरकेच बसत. काकू तेल लावायच्या, सीटलाही आणि त्यांनाही, आणि तोंड फिरवून हसायच्या. तेवढ्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची सायकल महिनाभर बंद झाली.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काका सायकलवर बसले, तर सीट चक्क मऊ. फक्त खोलगट भाग भलतीकडेच. बसलं की घसरायला होई.

काकू दारातच उभ्या होत्या. "मऊ झाली ना? तुम्ही दुपारी झोपलात की मी सीट खाली करून मागच्या गल्लीत चालवायचे. म्हटलं, तुमचा त्रास तरी वाचेल."

"लोण्यासारखी झालीय," काका म्हणाले आणि तसेच घसरत घसरत दुकानात गेले.

दुकानदाराने सीटवरून हात फिरवला आणि कपाळाला लावला. "काका, ही दुसऱ्याच कुणाची तरी झालीय. आता तुमची व्हायची नाही. टाकून देऊ?"

"खबरदार," काका म्हणाले. "हिच्याखाली शोभेल अशी एक लेडीज सायकल दाखव."