पाच घरांचं बेट

"खाली घे ते! आत्ताच्या आत्ता खाली घे!"

फुसाए आजी बांबूची काठी उगारत धक्क्याकडे येत होती. डोक्याला करडा रुमाल, छातीचा भाता झालेला. वर नाओकीचा ड्रोन भुंग्यासारखा गुणगुणत होता.

नाओकी फोटो काढायला आला होता. खडकावर समुद्रात उभी असलेली देवळाची लाल कमान, दीपगृह, उतारावरची काळ्या कौलांची घरं. किनाऱ्यावरच्या नगरपालिकेला यंदा दिनदर्शिका काढायची होती. सकाळपासून त्याने सगळं बेट चहूबाजूंनी टिपलं होतं आणि तशी परवानगीही खिशात होती.

"आजी, मी फक्त देखावा..."

"देखावा? ओनोदेराच्या सुनेचे आतले कपडे दोरीवर वाळतायत, तो देखावा? तामुरा मास्तर नुसते थरथरतायत रागाने. लोकांच्या घरात वरून डोकावायचं, हेच शिकवलं का तुझ्या आईने?"

नाओकीने ड्रोन उतरवला आणि कमरेत वाकून माफी मागितली. आजीचं समाधान झालं नाही.

तेवढ्यात टेकडीच्या पायवाटेवरून गेन्पाची आला. रोज सकाळी बोट घेऊन यायचा आणि दुपारी परत न्यायचा तो हाच. खांद्यावर गळ, काखेत निळी वळकटी, हातातली टोपली रिकामी.

"झापा ताई, चांगलं झापा. सकाळी बोटीत माझ्या वळकटीवरच बूड टेकत होता हा!"

"तू गप रे! रोज उत्तरेच्या खडकांवर जाऊन लोळतोस. जन्मात एक मासा आणला नाहीस."

"मासे हुशार झालेत. आणि कंबरेला खडक टोचतो, म्हणून वळकटी. मूठभर माणसांसाठी सरकारचं डिझेल जाळायचं आणि वर तुमचं ऐकून घ्यायचं. बंद होऊ दे एकदा ही बोट, सुटेन मी!"

"बघितलंस?" आजी नाओकीला म्हणाली. "टपून बसलाय मेला."

गेन्पाची हसत बोटीकडे गेला. आजीने नाओकीला दंडाला धरून जवळच्या पडवीत नेलं. राग होता, तरी चहा ओतला आणि पुढ्यात खारवलेलं आलुबुखार ठेवलं. पाहुण्याला उपाशी रागवायची तिची पद्धत नव्हती.

बोटीची गोष्ट खरी होती. बेटावर पाच घरं नांदती असतील तरच बोट, असा नियम. चार झाली की बोट बंद, आणि उरलेल्यांची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात. महिन्यातून केव्हातरी, न सांगता, नगरपालिकेची लाँच बेटाला वळसा घालून जायची. कोणत्या कठड्यावर गादी उन्हात टाकलीय, कोणत्या दोरीवर कपडे आहेत, एवढंच साहेब लोक दुर्बिणीतून बघत. उतरून कुणाला कसे आहात विचारायचे कष्टही घेत नसत. माणसं मोजायची ती गाद्यांवरून! या अपमानाने कुणाचंही डोकं फिरलं असतं.

नाओकी छोट्या पडद्यावर फोटो सरकवत होता. मधेच त्याचं बोट थांबलं.

"आजी, ओनोदेरांच्या कठड्यावर गादी झटकणाऱ्या तुम्हीच ना?"

"मदत केली जरा."

"तामुरा मास्तरांच्या अंगणातही तुम्हीच. त्याच्या वरच्या घरातही. सगळीकडे हाच करडा रुमाल. दुसरं माणूसच दिसत नाही कुठे."

आजीने पेला आपटला. चहा चटईवर सांडला.

"हो, मीच! सून पोरांना घेऊन कधीच ओसाकाला गेली. मास्तर माझ्या नवऱ्याशेजारच्या थडग्यात आहेत. मी एकटीच आहे इथे. जन्मले इथे, नवरा पुरला इथे, आणि आता मला एका खोलीत नेऊन कोंबणार? का? मी जिवंत आहे, तेवढं पुरत नाही त्यांना! मला रोज पाच माणसं व्हावं लागतं!"

तिचे डोळे भरले. त्याचाही तिला रागच आला, आणि तिने रुमालाने ते खसाखसा पुसले.

"पुसून टाक ते फोटो. लाल कमान ठेव, दीपगृह ठेव. घरं नकोत."

"तुम्ही आहात त्या फोटोंतून मी तुम्हाला काढून टाकतो, आजी. गाद्या दिसल्या तर चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं, मूर्खा! पाचवं घर हारादांचं, टेकडीपलीकडे, उत्तरेला. गेल्या हिवाळ्यापासून गुडघ्यांना ती चढण झेपत नाही. चारच घरं होतात माझ्याने. लाँचवरच्या पोरांना धड मोजता येत नाही, म्हणून निभावलंय. तुझ्या फोटोत ते नीट बसून मोजतील." तिने आवाज खाली आणला. "आणि गेन्पाचीला एक अक्षर बोलू नकोस. त्याला कळलं तर उद्याच बोट बंद करायला लावेल तो."

नाओकीने मान हलवली. त्याने उत्तरेकडचे फोटो शोधले, एक मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला.

"आजी, हारादांचं घर हेच का? दाराशी मोडका रहाट असलेलं?"

"तेच. का?"

त्याने पडदा तिच्यासमोर धरला. बंद दारं, गवत वाढलेलं अंगण, आणि वरच्या कठड्यावर सकाळच्या उन्हात ऐसपैस पसरलेली गादी. निळी, पांढऱ्या बगळ्यांच्या नक्षीची.

"ही तुमची?"

"नाही," आजी म्हणाली. "बेटावर अशी गादी कुणाकडेच नव्हती."

खाली धक्क्यावर भोंगा वाजला. "चला रे, डिझेल काय तुमचा बाप भरतो?" असं ओरडत गेन्पाची आपली वळकटी बाकाखाली सारत होता. तिचं एक टोक सुटून बाहेर लोंबत होतं, आणि त्यावर एक पांढरा बगळा होता.