पहिल्या ओळीखाली

"ओळी गळतात तं गळू दे ना वं. कोणाले पाहाच्या आहेत?" नोंदी ठेवणारे जुने कारकून गणपतराव तिसऱ्यांदा म्हणाले.

गार्गीने मान वर केली नाही. रामदासपेठेतल्या या शिशुगृहाच्या, म्हणजे इथून दत्तक गेलेल्या बाळांच्या, जुन्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायला एका कॉम्प्युटर कंपनीने तिला पाठवले होते. काम चार दिवसांचे, आणि आज सहावा दिवस. मजकुरात जिथे कुणी एंटर दाबले होते, तिथे नोंद संपली असे नवा प्रोग्रॅम धरून चालायचा. पहिली ओळ पलीकडे जायची, खालच्या सगळ्या गळायच्या.

"वरच्या ओळीत सबन काही आहे," गणपतराव म्हणाले.

"मग खाली काहून लिहिलं, काका?"

गणपतराव माठाकडे गेले, पेला भरला आणि न पिताच परत आले.

उत्तर होते, पण सांगण्यासारखे नव्हते. नाव लपवा म्हणून जी आई हात जोडायची, तिच्या रकान्यात 'आई अज्ञात' लिहायचा नियम होता. जन्म देणाऱ्या बाईला अज्ञात म्हणताना गणपतरावांचा जीव कासावीस व्हायचा. जुन्या पडद्यावर रकान्याची एकच ओळ दिसायची, खालची बघायला बाणाचे बटण दाबावे लागायचे, आणि हे त्यांच्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हते. म्हणून ते 'आई अज्ञात' लिहायचे, एंटर दाबायचे आणि खाली खरे नाव टाकायचे. कुठेतरी खरे असावे, एवढाच हेतू. एकदा लिहिलेले जुना प्रोग्रॅम खोडू मात्र द्यायचा नाही.

त्यातली एक ओळ त्यांच्याच घरची होती. नोंद दोनशे बारा. 'माया गणपतराव', खाली त्यांचाच पत्ता. तेव्हा माया एकोणीस वर्षांची, बिनलग्नाची होती. तुझे नाव कुठेही येणार नाही, असा त्यांनी लेकीला शब्द दिला होता. आज ती नरखेडकडे सुखाने नांदत होती, पोरगा बारावीला होता, आणि सासरी यातले अक्षरही कुणाला ठाऊक नव्हते.

दुपारी गार्गीने युक्ती काढली. प्रत्येक एंटरच्या जागी तिने एक खूण घातली, मजकूर पलीकडे नेला आणि तिथे त्या खुणांचे पुन्हा एंटर केले. मग पर्समधला घडीचा कागद बघून तपासणीसाठी तीन नोंदी उघडल्या. सत्त्याऐंशी, दोनशे बारा, तीनशे पाच.

गणपतराव तिच्या खांद्यामागून पडद्याकडे वाकले. सगळ्या ओळी एकाखाली एक उभ्या होत्या. सोमवारी हाच पडदा सगळ्या ऑफिससमोर उघडणार होता.

गार्गी वाचत बसली. तीन नोंदींना लागावा त्यापेक्षा पुष्कळ वेळ ती वाचत होती.

"बेटा," गणपतरावांनी हात जोडले, "त्या बायांले मी जबान देली होती. संसार आहेत त्यायचे. मिटवून टाक खालच्या ओळी."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"आणि त्यांच्या लेकरांनी शोधायचं कुठं?"

"लेकरं सुखात असतीन. कोण शोधते इतक्या वर्षानं?"

गार्गीने चष्मा काढून ओढणीला पुसला आणि पुन्हा लावला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "वरचीच ओळ ठेवते."

तिने बटणे दाबली. पडद्यावर प्रत्येक नोंदीत एकच ओळ उरली. जुना कॉम्प्युटर तसाही भंगारात जाणार होता. सहा दिवसांत पहिल्यांदा गणपतरावांचा श्वास मोकळा झाला. पेला त्यांनी एका दमात रिकामा केला. पोर गुणाची आहे, उगाच तिच्यावर चिडलो, असे त्यांना वाटले.

"थांब, चहा सांगतो," ते म्हणाले. "इतके दिवस झाले, इचारलंच नाही. कोणाची वं तू?"

गार्गीने घडीचा कागद पर्समध्ये नीट ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"चहा नको, आजोबा. फक्त आईले सांगजा, लेकरू सुखात आहे म्हणून."