अर्धवट पत्ता

वेबसाइटचं मागचं मशीन पान बघायला येणाऱ्याला "तिकडे जा" म्हणायचं, पण पत्ता अर्धवटच द्यायचं. सर्व्हर सांभाळणाऱ्या ताई वैतागल्या. पुढे दरवानासारख्या बसवलेल्या सर्व्हरला त्यांनी नियम घालून दिला: पत्ता पुरा नसेल, तर येणाऱ्याला आला तिथेच परत पाठव.

"सुटले बाई!" म्हणत त्या उठल्या.

"कुठे निघालात, ताई?" शेजारच्या टेबलावरच्या डिझायनरने विचारलं.

"येते जरा जाऊन."

दार उघडून त्या बाहेर पडल्या, तर समोर आपलंच टेबल.

"कुठे निघालात, ताई?"

"अरे, बाहेर!" त्या पुन्हा गेल्या. पुन्हा तेच टेबल.

आता ताईंना गंमत वाटू लागली. पुरा पत्ता सांगून बघू या की!

"कुठे निघालात, ताई?"

"घरी," त्या ठासून म्हणाल्या. "चौथा मजला, डावीकडचं दार..."

पुढे कोणती इमारत, कोणता रस्ता, काही केल्या आठवेना.