पाणमोटीची पट्टी

यसाक्काच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या साली तालुक्याच्या दवाखान्यात, गरोदर बाईची पाणमोट फुटलीय का हे सांगणारी कागदी पट्टी आली. फुटली असेल तर पट्टी निळी व्हायची. पण नियम असा, की रंगांची परीक्षा पास झालेल्यानंच ती वाचायची आणि सही करायची. डॉक्टर नापास, सिस्टर रजेवर. परीक्षेच्या दिवशी चहा द्यायला गेलेली यसाक्का आया तेवढी पास झाली होती.

दिवस भरलेली हौसा ओल्या लुगड्यानं आली. डॉक्टर म्हणाले, “सहीशिवाय भरती नाही. तीनच्या एसटीनं घरी जा.”

“अन् घाटात बाळंत झाली म्हंजे? सायेब, माझ्या चपला भिजल्या की!” यसाक्का म्हणाली. “पट्टी निळी हाय. घ्या अंगठा.”

“अंगठा चालत नाही.”

यसाक्कानं पेन मुठीत धरलं. लेकीनं शिकवलेलं नाव आठवत ‘य’ काढला, ‘सा’ काढला. ‘क्का’पाशी ती अडली, तेवढ्यात हौसाची पोरगी जन्मली आणि तिनं टाहो फोडला.

“आता फुटली म्हणायची का, सायेब?”

पुढं त्या पोरीनंच तिला ‘क्का’ शिकवला. यसाक्का गेल्या चैत्रात वारली.